ओरडा कमी झाला म्हणजे नौदलाचं प्रशिक्षण ढिलं झालं का?

अमेरिकेच्या नौदलातून निवृत्त झालेल्या लोकांत गेली तीसेक वर्षं एक गोष्ट फिरते आहे. बूट कॅम्पमध्ये, म्हणजे नव्या भरतीच्या पायाभूत प्रशिक्षणात, आता प्रत्येक रंगरुटाला एक कार्ड मिळतं. प्रशिक्षक फार ओरडायला लागला, ताण सोसवेना, की ते कार्ड खिशातून काढून समोर धरायचं. मग प्रशिक्षकाने आवाज खाली आणायचा. सांगणाऱ्याने ते कार्ड स्वतः पाहिलेलं नसतं, पण त्याच्या ओळखीतल्या कुणीतरी नक्की पाहिलेलं असतं. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: ‘आमच्या वेळी असं नव्हतं.’

गोष्ट खोटी आहे, पण ती हवेतून आलेली नाही. 1990च्या दशकात ग्रेट लेक्सच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरुटांना खरोखरच एक छोटं कार्ड दिलं जायचं. मन खचलं, कुणाशी बोलावंसं वाटलं, तर मदतीसाठी जायचं कुणाकडे, एवढीच माहिती त्यावर असायची. ते दाखवून ना कवायत थांबायची, ना पुश-अप.

या अफवेला आणखी एक धागा जोडलेला असावा, आणि तो जास्त गंभीर आहे. मार्च 1988 मध्ये फ्लोरिडातल्या पेन्साकोला इथे, बुडणाऱ्यांना वाचवणारे जलतरणपटू तयार करणाऱ्या नौदलाच्या शाळेत, एक 19 वर्षांचा प्रशिक्षणार्थी तलावात घाबरला. मला हे सोडायचं आहे, असं तो सांगत राहिला. प्रशिक्षकांनी त्याला जबरदस्तीने पुन्हा पाण्यात ओढलं आणि तो बुडून मेला. त्यानंतर नौदलाने जोखमीच्या प्रशिक्षणासाठी एक नियम केला. पाण्यातला सराव असो की आगीचा, जीवाला धोका दिसला तर प्रशिक्षणार्थी किंवा प्रशिक्षक, कुणीही ‘ट्रेनिंग टाइम आउट’ असं ओरडायचं. काम तिथल्या तिथे थांबतं, काय चुकतंय ते पाहिलं जातं आणि मग पुढे सुरू होतं. ओरडा खाण्यापासून सुटका मिळावी म्हणून हा नियम आलेला नाही. एका मुलाच्या मृत्यूतून तो आला आहे. त्याला नाजूकपणाचा पुरावा म्हणून मिरवलं जातं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

तरीही मूळ प्रश्न रास्त आहे. प्रशिक्षण सोपं झालंय का? युद्धनौकेवर जाणारा मुलगा कच्चा राहिला तर तो एकटा बुडत नाही, त्याच्यासोबत दोन-तीनशे माणसं असतात. म्हणून हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. मात्र ‘कठीण’ कशाला म्हणायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि बहुतेक वाद तिथेच घसरतात.

ग्रेट लेक्सच्या फाटकाआत

शिकागोच्या उत्तरेला, मिशिगन सरोवराच्या काठी हा तळ आहे. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. 1911 साली तो सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धात तिथून सुमारे 10 लाख नौसैनिक तयार होऊन गेले. पूर्वी सॅन डिएगो आणि ऑर्लँडो इथेही रंगरूट घडवले जात. शीतयुद्ध संपल्यावर कुठले तळ बंद करायचे याची जी यादी 1993 मध्ये ठरली, तिच्यात ही दोन्ही केंद्रं गेली. ती बंद झाल्यापासून खलाशी म्हणून भरती होणारा प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी याच एका फाटकातून आत जाते. अधिकाऱ्यांची वाट वेगळी. त्यामुळे ग्रेट लेक्स ढिलं पडलं तर सगळं नौदल ढिलं पडतं. अमेरिकेच्या भूदलाकडे निदान तीन-चार केंद्रं असतात, तुलना करता येते. इथे ती सोय नाही.

साधारण 80 जणांची एक डिव्हिजन असते. पहिले काही दिवस केस कापणं, लसी, दातांची तपासणी, गणवेश यांत जातात. राहायच्या इमारतीला सगळे जहाजच म्हणतात, आणि तिथले नियमही जहाजाचेच. प्रशिक्षक म्हणून अनुभवी नौसैनिक असतात. त्यांना हात उचलायची परवानगी नाही, पण चूक झाली तर तिथल्या तिथे व्यायाम करून घ्यायची आहे. तो व्यायाम किती वेळ, कुठल्या हवामानात, यालाही मर्यादा आहेत.

रोजचा दिवस कवायत, वर्ग, धावणं, गणवेशाच्या घड्या, पलंगाची तपासणी यांनी भरलेला. बाहेरच्या माणसाला घड्यांचं वेड पोरकट वाटतं. अंतर्वस्त्राची घडी अमुक मापाचीच का? एक तर जहाजावर माणसाच्या वाट्याला फार थोडी जागा येते, सगळा संसार एका छोट्या कप्प्यात बसवावा लागतो. त्याहून मोठं कारण असं की थकलेल्या, वैतागलेल्या अवस्थेतसुद्धा सांगितलेली कृती पायरी न गाळता पूर्ण करायची सवय त्यातून लागते. पुढे हाच मुलगा इंधनाचा व्हॉल्व्ह बंद करणार असतो किंवा तोफगोळ्यांच्या कोठाराची नोंद ठेवणार असतो. तिथे एक पायरी गाळली की काय होतं ते पुढे येईलच.

शरीराची परीक्षा म्हणाल तर दीड मैल, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटर धावणं, पुश-अप आणि प्लँक. यातला एक तपशील ‘सोपं झालं’ म्हणणाऱ्यांच्या सहसा कानावर गेलेला नसतो. 2018 पासून नौदलाने आल्या आल्याच धावण्याची एक चाचणी लावली. मुलांना दीड मैल 16 मिनिटं 10 सेकंदांत, मुलींना 18 मिनिटं 7 सेकंदांत. पुन्हा एक संधी मिळते, तीही हुकली तर घरी. ही वेळ एखाद्या पट्टीच्या धावपटूला हसू येईल अशी आहे, मान्य. पण आधी एवढंही दार नव्हतं. म्हणजे या एका बाबतीत अट कडक झाली आहे.

मग पोहणं. उंचीवरून खोल पाण्यात उडी, 50 यार्ड पोहणं, पाच मिनिटं पालथं तरंगत राहणं आणि अंगावरच्या कपड्यांत हवा भरून त्यांचाच तरंगता आधार करणं. नौदलात येणारी कितीतरी मुलं पोहता न येणारी असतात. त्यांना तिथेच शिकवतात आणि पास झाल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. अश्रुधुराच्या खोलीत मास्क काढायला लावतात. पिस्तूल आणि शॉटगन चालवायला शिकवतात. दोरखंड बांधणं, पहारा देणं, आग विझवणं, फुटलेल्या पाइपातून येणारं पाणी अडवणं हा सगळा अभ्यासाचा गाभा.

आग लागते तेव्हा

माझ्या मते सगळा वाद शेवटी इथे येऊन ठरतो. पायदळाच्या सैनिकाला माघार घेता येते. जहाजावर आग लागली तर पळून जाणार कुठे? आणि तिथे अग्निशमन दल बोलावता येत नाही. स्वयंपाकी, कारकून, तंत्रज्ञ, जो कुणी जवळ असेल तोच अग्निशमन दल.

ही गोष्ट अमेरिकी नौदल फार मोठी किंमत मोजून शिकलं. 29 जुलै 1967. व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात फॉरेस्टल ही विमानवाहू नौका. डेकवर उभ्या असलेल्या एका विमानातून विजेच्या बिघाडामुळे रॉकेट सुटलं आणि समोरच्या विमानाच्या इंधनाच्या टाकीवर आदळलं. पेटलेलं इंधन डेकभर पसरलं, त्यात बॉम्ब लटकवलेली विमानं उभी. आग विझवण्याचं खास शिक्षण घेतलेलं पथक धावत आलं आणि दीड-एक मिनिटाच्या आत पहिला बॉम्ब फुटला. त्या पथकातली बहुतेक माणसं तिथेच गेली.

उरलेल्यांनी जे धैर्य दाखवलं त्याला तोड नाही. अंगावर ज्वाळा येत असताना पोरांनी हातांनी बॉम्ब ढकलत समुद्रात टाकले. कमी होतं ते शिक्षण. इंधनाच्या आगीवर फेसाचा थर द्यायचा असतो, म्हणजे हवा तुटते. एकीकडे काही जण फेस मारत होते आणि दुसरीकडून काही जण समुद्राचं पाणी मारत होते. पाण्याने फेस वाहून गेला. इतकंच नाही, स्फोटांनी डेकला पडलेल्या भोकांतून ते पाणी जळतं इंधन घेऊन खालच्या मजल्यांवर उतरलं, जिथे लोक झोपलेले होते. 134 जणांचा मृत्यू झाला.

त्या मुलांचं बूट कॅम्प मऊ होतं असं कुणीही म्हणणार नाही. 1960च्या दशकातलं ते बूट कॅम्प, ज्याची आठवण काढून लोक आजच्या पोरांना हिणवतात. ओरडा होता, धाक होता, शारीरिक कष्ट होते. आगीच्या नळीचं तोंड कुठे धरायचं हे मात्र मोजक्या माणसांनाच नीट माहीत होतं. त्यानंतर आग विझवण्याचं शिक्षण पथकापुरतं न राहता प्रत्येक नौसैनिकाच्या वाट्याला आलं, आणि आजही फॉरेस्टलच्या आगीचं चित्रीकरण रंगरुटांना दाखवलं जातं.

याची दुसरी बाजू 14 एप्रिल 1988 रोजी इराणच्या आखातात दिसली. सॅम्युएल बी. रॉबर्ट्स ही फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, पाणसुरुंगावर गेली. तळाला जवळपास साडेचार मीटरचं भगदाड, जहाजाचा कणाच मोडलेला, इंजिनच्या खोलीत पाणी आणि वर आग. कागदावरच्या हिशेबाने ती बुडायला हवी होती. तिचे कप्तान पॉल रिन यांनी खलाशांकडून अशा प्रसंगाचा सराव इतका करून घेतला होता की अंधारात, धुरात हात आपोआप चालले. फाटत चाललेला जहाजाचा वरचा भाग त्यांनी पोलादी दोरांनी आवळून बांधला. पाणी अडवलं, आग आटोक्यात आणली. दहा जण जखमी झाले, मृत्यू एकाचाही नाही. 12 ऑक्टोबर 2000 रोजी येमेनमधल्या एडन बंदरात कोल या विनाशिकेवर आत्मघातकी हल्ला झाला, त्यात 17 नौसैनिक गेले. पण उरलेल्यांनी दिवसच्या दिवस पाण्याशी झुंजून जहाज तरंगत ठेवलं.

बूट कॅम्पची शेवटची परीक्षा आज अशाच प्रसंगांवरून बेतलेली आहे. ‘बॅटल स्टेशन्स’ नावाची ही परीक्षा 1997 मध्ये सुरू झाली आणि 2007 पासून ती एका मोठ्या शेडमध्ये उभ्या केलेल्या ट्रेयर नावाच्या विनाशिकेच्या प्रतिकृतीवर होते. 210 फूट लांब, खाली सुमारे साडेतीन लाख लिटर पाण्याचा तलाव. रंगरूट संध्याकाळी चढतात आणि रात्रभर, सुमारे 12 तास, 17 प्रसंगांतून जातात. धूर भरतो, धक्के बसतात, कप्प्यात खरंखुरं पाणी चढतं, जखमी म्हणून पडलेले पुतळे अरुंद दारातून बाहेर काढावे लागतात, दारूगोळा कोठारात पाणी शिरलं तर तो हलवावा लागतो. पहाटे जे उत्तीर्ण होतात त्यांच्या डोक्यावरची ‘रिक्रूट’ लिहिलेली टोपी जाऊन ‘नेव्ही’ लिहिलेली येते. 1960 किंवा 70च्या दशकात भरती झालेल्या कुणालाही प्रशिक्षणाचा शेवट असा करावा लागला नव्हता.

यामागचं शास्त्र साधं आहे. घाबरलेल्या माणसाचा मेंदू नवा विचार करू शकत नाही. हात थरथरतात, नजर समोरच्या एका गोष्टीवर खिळते, ऐकू कमी येतं. त्या वेळी माणूस तेच करतो जे त्याने आधी अनेकदा केलेलं असतं. म्हणून आधी शांतपणे कृती शिकवायची, ती अंगवळणी पडेपर्यंत घोटून घ्यायची आणि मग हळूहळू भीती, थकवा, गोंगाट वाढवत तीच कृती करायला लावायची. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या कमरेला आधी सुके भोपळे बांधत आणि दिवसागणिक ते कमी करत; एकदम ढकलून दिलेलं पोर कधी पोहायला शिकायचं, कधी आयुष्यभर पाण्याला घाबरायचं. भीतीची मात्रा वाढवायची असते, पण कसब हातात आल्यावर. पहिल्याच दिवशी कमाल ओरडा केला तर मुलगा फक्त ओरडा सहन करायला शिकतो, नळी धरायला नाही.

झोप, शिव्या आणि शिस्त

‘लाड’ म्हणून ज्या बदलांची टिंगल होते त्यातला एक झोपेचा. 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ग्रेट लेक्समध्ये रंगरुटांची झोप सहा तासांवरून आठ तासांवर नेली. जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला. कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथे नौदलाची पदव्युत्तर शिक्षणसंस्था आहे. तिथल्या संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना केली, तेव्हा जास्त झोपलेल्यांचे परीक्षेतले गुण चांगलेच वाढलेले दिसले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना झोप जास्तच लागते, आणि दिवसा शिकलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच. म्हणजे दोन तास ‘वाया घालवून’ उरलेल्या वेळात जास्त शिकवून झालं. एक रात्र जागवून परीक्षा घेणं वेगळं आणि दोन महिने अर्धपोटी झोपेवर शिकवणं वेगळं. पहिल्यात माणूस कळतो, दुसऱ्यात तो फक्त पेंगतो.

मारहाण आणि अपमान यांचं काय? अमेरिकी नौदलात खलाशांना चाबकाचे फटके मारायची शिक्षा 1850 साली कायद्याने बंद झाली. तेव्हाही शिस्त मोडेल असा ओरडा झाला, शिक्षा परत आणावी म्हणून अमेरिकी संसदेकडे मागण्या गेल्या. ते नौदल पुढच्या शंभर वर्षांत जगातलं सगळ्यात मोठं झालं. नौदलाच्याच खात्यात येणाऱ्या मरीन कोअरमध्ये 8 एप्रिल 1956च्या रात्री एका प्रशिक्षकाने शिस्त लावायची म्हणून आपली पलटण साउथ कॅरोलिनातल्या पॅरिस आयलंडच्या रिबन क्रीक नावाच्या खाडीत उतरवली. त्या पाण्यात सहा रंगरूट बुडाले. त्या रात्रीने त्यांना कुठलं कसब दिलं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

आपल्याला तर हे मुंबईच्या इतिहासातूनच ठाऊक असायला हवं. 18 फेब्रुवारी 1946 रोजी कुलाब्याच्या ‘तलवार’ या संदेशवहन प्रशिक्षण तळावर रॉयल इंडियन नेव्हीच्या खलाशांनी बंड पुकारलं. निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्याच्या अर्वाच्य शिव्या या तक्रारी सगळ्यांत पुढे होत्या. त्यामागे स्वातंत्र्याची आस होतीच. काही दिवसांत ते बंड डझनावारी जहाजांवर आणि तळांवर पसरलं, आणि मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले. शिवीने माणूस गप्प बसतो, पण तो आपला होत नाही.

याचा अर्थ कष्ट कमी करा असा मी मुळीच म्हणत नाही. शरीराला ओढाताण हवीच. मात्र तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. 2019 मध्ये ग्रेट लेक्सला दोन तरुण मुलींचा शारीरिक चाचणीच्या दिवशीच, दोन महिन्यांच्या अंतराने, मृत्यू झाला. ‘सोपं झालंय’ म्हणणाऱ्यांनी ही वस्तुस्थिती विसरू नये, आणि ‘अजून सौम्य करा’ म्हणणाऱ्यांनीही त्यातून भलता निष्कर्ष काढू नये. तिथे लागते ती वैद्यकीय दक्षता.

मग काळजी कशाची करायची?

माझं मत असं की ज्या गोष्टींवरून गदारोळ होतो त्यांत फारसा दम नाही, आणि जिथे खरी कमतरता येऊ शकते तिथे फार कुणी बघत नाही.

पहिली जागा म्हणजे भरती. सप्टेंबर 2023 ला संपलेल्या वर्षात अमेरिकी नौदलाला सुमारे 37,700 खलाशी हवे होते, मिळाले 30 हजारांच्या थोडे वर. एवढी मोठी तूट बऱ्याच वर्षांत आली नव्हती. मग दारं रुंद झाली. वयाची कमाल मर्यादा 39 वरून 41 वर गेली. प्रवेशपरीक्षेत सगळ्यांत खालच्या गटात येणाऱ्यांना जास्त प्रमाणात घ्यायला सुरुवात झाली. जानेवारी 2024 मध्ये तर परीक्षेत बरे गुण असतील तर शाळेचं प्रमाणपत्र नसलेल्यांनाही घ्यायचं ठरलं. सप्टेंबर 2024 ला संपलेल्या वर्षात 40 हजारांच्या वरचं लक्ष्य पूर्ण झालं.

यात एक गोष्ट चांगली केली गेली. 2023 मध्ये ग्रेट लेक्समध्येच पूर्वतयारीचा वर्ग सुरू झाला. वजनात किंवा अभ्यासात थोडे मागे असलेले तरुण आधी तिथे राहतात, चरबी उतरवतात किंवा गुण वाढवतात, आणि अट पूर्ण झाली की मगच बूट कॅम्पमध्ये जातात. याला मी सवलत म्हणणार नाही. अट तीच ठेवून तिच्यापर्यंत पोहोचायला शिडी दिली, एवढंच. परीक्षेत फारच कमी गुण असलेल्यांची गोष्ट निराळी. तो मुलगा प्रामाणिक असेल, कष्टाळू असेल, पण गुंतागुंतीची यंत्रं शिकायला त्याला जास्त वेळ लागणार. तो वेळ त्याला मिळतोय का, हा प्रश्न धारदारपणे विचारायला हवा.

कारण दुसरी जागा वेळेचीच आहे. बूट कॅम्प बराच काळ आठ आठवड्यांचं होतं. 2022 च्या सुरुवातीला ते दहा आठवड्यांचं केलं. खलाशी म्हणून पुढे कसं वागायचं, दडपण कसं हाताळायचं, अनुभवी माणसाकडून मार्गदर्शन कसं घ्यायचं, यासाठी शेवटचे दोन आठवडे. जानेवारी 2025 पासून ते नऊ आठवड्यांवर आणलं. वेळेची फेरमांडणी केली, असं नौदल सांगतं. असेलही. पण भरतीचे आकडे वाढवायचा दबाव असताना, प्रवेशाची पातळी खाली आणलेली असताना शिकवायचे दिवस कमी होतात, तेव्हा मला काळजी वाटते. ओरडा कमी झाला याची मला काळजी नाही; एक आठवडा कमी झाला याची आहे.

तिसरी जागा बूट कॅम्पच्या बाहेर, आणि माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी. नऊ आठवड्यांत कुणी खलाशी होत नाही. फक्त व्हायला सुरुवात होते. पुढे कामाची शाळा असते आणि खरं शिक्षण जहाजावर. तिथे काय चाललंय? 21 ऑगस्ट 2017 रोजी सिंगापूरजवळ जॉन एस. मॅकेन ही विनाशिका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेग यांचं नियंत्रण टचस्क्रीनवर होतं. गर्दीच्या समुद्रात ते दोन खलाशांत विभागताना चुकून सुकाणू दुसऱ्याच पडद्यावर गेलं. समोरच्याला वाटलं की सुकाणूच निकामी झालं. काही मिनिटांत टक्कर. ती यंत्रणा त्या माणसांना पुरेशी शिकवलेलीच नव्हती. शिवाय आदल्या 24 तासांत जहाजचालनाच्या खोलीतल्या लोकांची सरासरी झोप पाच तासांहूनही कमी होती. त्यांना बूट कॅम्पमध्ये आणखी शंभर पुश-अप काढायला लावून यातलं काहीही टळलं नसतं.

तसंच बॉनहोम रिचर्डचं. 12 जुलै 2020 रोजी सॅन डिएगोत दुरुस्तीसाठी धक्क्याला लावलेल्या या प्रचंड जहाजाला आग लागली, ती चार दिवसांहून जास्त जळत राहिली आणि जहाज मोडीत काढावं लागलं. चौकशीत दिसलं की आगीच्या सरावात ठरलेल्या वेळेत पाणी किंवा फेस आगीपर्यंत पोहोचवण्यात हे खलाशी लागोपाठ 14 वेळा नापास झाले होते, आणि तरीही काही बदललं नव्हतं. फेसाची यंत्रणा वेळेवर कुणी चालू केली नाही. मूळ धडे ग्रेट लेक्सला झालेले होते, पण घोटणारा कुणी नव्हता. कसब न वापरता किती दिवस टिकतं?

आणि घोटायला माणसंच कमी आहेत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2024 मध्ये जहाजांच्या उपकप्तानांना विचारलं, तेव्हा 63 टक्क्यांनी सांगितलं की माणसं अपुरी असल्यामुळे समुद्रात असताना दुरुस्तीची कामं करणं अवघड जातं. अशा जहाजावर नवा मुलगा आला की त्याला शिकवायचं कुणी? ज्याने शिकवायचं तो स्वतः दोघांचं काम करतोय. मग जुना चीफ, म्हणजे खलाशांवरचा अनुभवी वरिष्ठ, वैतागतो आणि म्हणतो, हल्लीची पोरं कच्ची येतात. त्याचा वैताग खरा आहे, पण दोषाचा पत्ता चुकलेला आहे.

आपल्याकडे बघताना

ही चर्चा आपल्या नौदलाबद्दलही होते, विशेषतः अग्निपथ योजना आल्यापासून. ओडिशातल्या आयएनएस चिल्का इथे खलाशांचं पायाभूत प्रशिक्षण होतं. पूर्वी ते 22 आठवड्यांचं होतं; अग्निवीरांसाठी 16 आठवड्यांचं झालं. पहिली सुमारे 2,600 जणांची तुकडी 28 मार्च 2023 रोजी बाहेर पडली, त्यात 270 हून जास्त मुली होत्या. चिल्काचे 16 आठवडे ग्रेट लेक्सच्या नऊपेक्षा बरेच जास्त, म्हणून समाधान मानता येईल. मला मात्र ती तुलना पुरेशी वाटत नाही. सेवाच चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त चौथा हिस्सा कायम होणार. त्यात शिकण्यात किती महिने जातात आणि अंगात मुरायला किती उरतात, हा हिशेब महत्त्वाचा.

आग आणि पाण्याचा धोका आपल्या घराशीच आहे. 21 जुलै 2024 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या आयएनएस ब्रह्मपुत्राला आग लागली, नंतर ती एका कुशीवर कलली आणि एका नौसैनिकाचा जीव गेला. दुरुस्तीतलं जहाज सगळ्यांत धोक्याचं असतं: केबलींमुळे दारं उघडी, यंत्रणा बंद, वेल्डिंग चालू, जहाजावर निम्मीच माणसं. सॅन डिएगोलाही हेच होतं.

लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी तळावर, जो 1945 पासून नौदलाच्या अभियंत्यांची शाळा आहे, अशाच प्रसंगांसाठी एक सिम्युलेटर आहे. गोवा शिपयार्डने बनवलेला हा जहाजाचा तुकडा हलतो, कलतो, त्याच्या भिंतीतून पाणी फुटतं आणि खलाशांनी ते लाकडी पाचरी, ठोकळे, टेकू लावून अडवायचं असतं. छातीपर्यंत पाणी आलेलं असतं. एखाद्या तरुणाची तयारी किती झाली हे मला विचाराल तर मी त्याच्या बॅरकमध्ये ओरडा किती होतो हे विचारणार नाही. अशा पाण्यात तो कितीदा उभा राहिला आणि जहाजावर गेल्यानंतर पुन्हा कधी उभा राहिला, हे विचारेन.

कोल्हापूर, सातारा, सांगलीकडे भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादम्या गावोगाव आहेत. पहाटे मैदानावर पोरं 1.6 किलोमीटर साडेसहा मिनिटांत बसवायच्या मागे असतात, कारण भरतीच्या दिवशी मैदानावर हे धावणं आणि थोडे व्यायाम, एवढंच मोजलं जातं. पोहणं तिथे कुणी मोजत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी कुणी शिकवतही नाही. ज्यांना नौदलातच जायचं आहे त्यांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत, कुणीतरी जाणतं माणूस काठावर असताना, ते शिकून घ्यावं. चिल्काला पोचल्यावर शिकवतील, पण तिथे शिकायला इतकं असतं की पाण्याची भीती घरीच सोडून गेलेलं बरं.